आईला सावलीत बसवलं

१

धाकटीच्या घरात सकाळ व्हायची ती आईच्या प्रश्नाने. "किती वाजले गं?" आतल्या खोलीतून हाक यायची. धाकटी स्वयंपाकघरातून ओरडून वेळ सांगायची, कारण आईला कमी ऐकू यायचं. भाजी परतून होते न होते तोच पुन्हा, "किती वाजले गं?" मग, "दार लावलंस का?" मग, "जावई गेले का? न सांगताच गेले?" जावई समोर बसून बुटाच्या नाड्या बांधत असायचे.

धाकटी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची. अंधाऱ्या खोलीत समोर अक्षरांची पाटी, आणि दिवसभर एकच विचारणं: आत्ता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं? म्हातारे लोक शंभरदा गोंधळायचे. ती शंभरदा भिंग बदलायची, आवाज एका सुरानेही चढू न देता. मालक इतर नोकरांना सांगायचे, संयम शिकायचा असेल तर हिच्याकडून शिका. तो संयम घरी येता येता वाटेत कुठे सांडायचा कोण जाणे. आईने तिसऱ्यांदा वेळ विचारली की तिच्या तोंडून काहीतरी वेडंवाकडं जायचंच. आई गप्प व्हायची. मग आईच्या त्या गप्प बसण्याचाही हिला राग यायचा.

आई बाथरूममध्ये पडल्यापासून तिच्याकडेच होती. दुसऱ्या शहरात राहणारी थोरली फोनवर रोज चौकशी करायची, उपाय सुचवायची, आणि न्यायचं म्हटलं की तिच्या घरी नेमकं काहीतरी निघायचं. या वेळी तिने शब्द दिला होता. धाकटीने नि नवऱ्याने कितीतरी महिन्यांनी दोघांचीच सहल ठरवली होती: डोंगरातली जुनी कोरीव लेणी बघायची आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं. आदल्या दिवशी थोरलीचा फोन आला. घरात रंगकाम काढलंय, वासाने आईला त्रास होईल.

"आता काय करायचं?" नवऱ्याने विचारलं.

"काय करणार? गळ्यात धोंडा बांधून डोंगर चढायचा," धाकटी म्हणाली.

आई दारातच उभी होती. तिला ऐकू आलं की नाही, ते काही कळलं नाही.

२

पहिलं लेणं रस्त्याला लागूनच होतं, चार पायऱ्या चढलं की आत. बाकीची वर, कातळात खोदलेल्या उभ्या जिन्याने जायचं. आईला तो जिना झेपणं शक्यच नव्हतं.

पहिल्या लेण्याच्या ओसरीत दगडातूनच कोरून काढलेला लांब बाक होता. तिथे छान गारवा होता. ओसरीमागे मोठं दालन, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, आणि भिंतीला लागून बसलेल्या मूर्ती. पाठ ताठ, हात मांडीवर. किती पिढ्यांचे हात त्यांच्यावरून फिरले असतील देव जाणे, नाकडोळे पुसून चेहरे अगदी गुळगुळीत झाले होते. दारात एक राखणदार खुर्ची टाकून बसला होता.

"बसू देत आजींना," तो म्हणाला. "मी आहेच."

धाकटीने आईच्या पाठीशी शाल ठेवली, शेजारी पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा, हाताशी काठी. सगळं कसं नीट, कुणी नावं ठेवू नयेत असं.

"आम्ही वरचं बघून येतो हं. अर्ध्या तासात."

आईने तिच्या ओढणीचं टोक धरलं. "मला इथे नको ठेवूस गं."

"आई, सावली आहे, माणूस आहे. लहान मुलासारखं करू नकोस."

"ही सगळी माझ्याकडेच बघतायत."

"कोण? त्यांना डोळे तरी आहेत का?" धाकटी हसली आणि एकेक बोट सोडवून तिने ओढणी काढून घेतली. आईच्या बोटांत एवढा जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं.

वर गेल्यावर वारा लागला आणि तिच्या डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. नवरा एका खांबाआड लपून भो करायला लागला. लग्नाच्या पहिल्या वर्षी करायचा तसाच बावळटपणा. ती पोट धरून हसली. दोघांनी छिन्नीच्या खुणांवरून बोटं फिरवली, एका कोनाड्यात बसून सफरचंद अर्धं अर्धं खाल्लं. अर्धा तास कधीच उलटून गेला. "आता आलोच आहोत तर शेवटचंही बघू," नवरा म्हणाला, आणि ती नाही म्हणाली नाही.

त्या शेवटच्या लेण्यात तिला हाक ऐकू आली.

"अगं ए!"

लांबून, खालून, पण आवाज आईचा होता. नवरा छताकडे मान वर करून उभा होता, त्याला काही ऐकू आल्यासारखं दिसलं नाही. पुन्हा हाक आली. या वेळी जरा जास्त ओढलेली, शेवटी कापणारी.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. पारवे असतील."

ती तिथेच उभी राहिली. आणखी काही हाका आल्या. मग थांबल्या. थांबल्यावर तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. मग ते दोघं सावकाश खाली उतरायला लागले.

३

बाकावर आई नव्हती.

शाल घडी न मोडता तशीच होती. बिस्किटांचा पुडा उघडलेला नव्हता. काठी बाकाखाली घरंगळली होती. राखणदाराची खुर्ची रिकामी होती. नवरा धावत गाडीकडे गेला, धाकटी दालनात शिरली.

"आई! ए आई!"

तिचाच आवाज खांबांमधून फिरून तिच्याकडे आला. ती भिंतीच्या कडेने शेवटपर्यंत गेली, परत आली. कोपरे पाहिले. एकीकडे उलटसुलट हिशेब चाललाच होता: लघवीला गेली असेल, आपल्याला शोधायला निघाली असेल, काठीशिवाय जाऊन जाऊन जाणार कुठे. ती दुसऱ्यांदा भिंतीच्या कडेने निघाली, आणि मधेच एका मूर्तीने मान वळवली.

"आलीस? चल मग."

आई होती. दोन मूर्तींच्या मधे, दगडी कट्ट्यावर, पाठ ताठ, हात मांडीवर. धाकटी एकदा तिच्या अगदी हाताच्या अंतरावरून गेली होती आणि तिला ती दिसली नव्हती.

"अगं, हाका मारतेय मी! ओ द्यायला काय झालं?"

"दिली की आता."

आई उठली, आधार न घेता चालायला लागली. धाकटीने हात धरला तर तो गार होता. दगडावर बसली होती इतका वेळ, गार असणारच. राखणदार डबा खाऊन हात पुसत नवऱ्यासोबत येत होता. "सापडल्या ना? मी म्हटलं नव्हतं का, इथेच असतील!" तो म्हणाला. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. त्या गडबडीत काठी तिथेच राहिली.

परतीच्या वाटेवर धाकटी सारखी मागे वळून बघत होती. आई खिडकीबाहेर बघत शांत बसली होती. घर आलं तरी तिने वेळ विचारली नाही.

४

त्यानंतरचे दिवस असे गेले, की कुणाला सांगितलं तर दृष्ट लागावी.

आई आपली आपण उठायची. कपड्यांच्या घड्या करून ठेवायची. हळू बोललेलंही तिला ऐकू यायचं, शेजारच्या खोलीत कुजबुजलेलंसुद्धा. चष्मा खिडकीत धूळ खात पडला होता, तिला तो लागतच नव्हता. "डोंगरावरची हवा मानवली बघ," नवरा म्हणाला. "दर महिन्याला नेऊ." धाकटी हसली, पण तिच्या मनात पाल चुकचुकलीच.

छोट्याछोट्या गोष्टी होत्या. आईच्या पुढ्यातला चहा संपायचा, पण तिला पिताना धाकटीने कधी पाहिलं नव्हतं. आणि खिडकीतली कुंडी नेहमी ओली असायची. सकाळी अंथरुणावर एक सुरकुती नसायची. दुपारी कामावरून लवकर आलं, तर आई भिंतीला पाठ लावून बसलेली असायची, हात मांडीवर, आणि दाराचा आवाज झाल्यावर मग हलायला लागायची. आधी मान, मग हात. आणि घरात एक वास यायला लागला होता. घाण नव्हे. ओल्या दगडाला येतो तसा.

म्हातारपणी माणूस बदलतं, धाकटी स्वतःला समजवायची. डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या होत्याच की. आणि बरं झालेलं माणूस बरं का झालं म्हणून कुणी रडतं का?

एका संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती. आई मागून आली, तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "तू माझ्यासाठी किती केलंस गं. थोरलीने काही नाही केलं. सगळं तू केलंस."

हे वाक्य ऐकायला धाकटीने किती वर्षं कान टवकारले होते! आई जन्मात कधी असं बोलली नव्हती. आई म्हणायची, थोरली असती तर भाजी अशी करपली नसती. धाकटी हुंदके देऊन रडली. आईने तिला जवळ घेतलं. तो गार हात केसांतून फिरत राहिला, वरून खाली, वरून खाली, एकसारखा. आणि रडता रडता धाकटीने कान आईच्या छातीशी नेला. बराच वेळ तसाच ठेवला. मग हळूच काढून घेतला आणि डोळे पुसून पुन्हा भाजी निवडायला लागली.

त्याबद्दल ती नवऱ्याला काही बोलली नाही.

५

पण तपासणं हे तिचं कामच होतं, आणि हाताला लागलेली सवय सुटत नाही. दुकानात वर्दळ नसेल अशी वेळ बघून ती आईला घेऊन गेली. म्हणाली, चष्मा वापरत नाहीस, नंबर बघू.

आईच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वी काढला होता. धाकटीनेच सुट्टी घेऊन सगळं केलं होतं. आत बसवलेलं नवं भिंग बाजूने उजेड टाकला की बारीकसं चमकायचं. मांजराच्या डोळ्यासारखी चमकते गं तुझी आई, असं नवरा चिडवायचा.

तिने खोलीचं दार लावलं, दिवा मालवला. आई खुर्चीत बसली, हनुवटी यंत्रावर टेकवली. धाकटीने डाव्या डोळ्यावर बाजूने उजेड टाकला.

काही चमकलं नाही.

तिने कोन बदलला. पुन्हा टाकला. मग उजेड सरळ बाहुलीवर धरला. उजेड पडला की माणसाची बाहुली आकसते, मिटणाऱ्या फुलासारखी. त्यावर कुणाचा ताबा नसतो. ही आकसली नाही. काळी, मोठी, जशीच्या तशी. पापणीही लवली नाही. धाकटी यंत्रातून बघत राहिली आणि तिला वाटलं, आपण डोळ्यात बघत नाही आहोत, एका दारातून आत बघतो आहोत, आणि आत बरीच जागा आहे.

"नको बघूस," आई म्हणाली. आवाजात नुसती माया. "बघितलंस तर तुला काहीतरी करावं लागेल."

धाकटीने यंत्राचा उजेड बंद केला.

"बरं चाललंय ना आपलं?" आईने विचारलं.

बाहेरून दुकानातल्या मुलीने दार वाजवलं. "ताई, किती निघाला काकूंचा नंबर?"

धाकटीने दिवा लावला. "काही फरक नाही," ती म्हणाली. "आहे तोच आहे."

६

ती एकटीच गेली. घरी सांगितलं, दुकानात माल मोजायचा आहे.

ऊन चढलं होतं, फारसं कुणी नव्हतं. राखणदाराने तिला ओळखलं. खुर्चीमागून आईची काठी काढून दिली.

"राहिली होती बघा. आजी पोचल्या ना नीट?"

"हो. घरी आहेत."

"मग बरं," तो म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावरून काही बरं वाटल्यासारखं दिसेना. "मला आपलं वाटलं…"

"काय वाटलं?"

"काही नाही ताई. इथे दिवसभर एकट्याने बसलं की कान वाजतात माणसाचे." आणि तो उन्हात जाऊन उभा राहिला.

धाकटी ओसरी ओलांडून दालनात गेली. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबली. खांब, छताची काजळी, भिंतीशी बसलेल्या मूर्ती. सगळं तसंच होतं. ती स्वतःलाच हसणार होती. तेवढ्यात आत, रांगेच्या पार टोकाला, कुणीतरी खोकलं.

तो खोकला तिने हजारांत ओळखला असता. आधी घसा खाकरणं, मग दोन कोरडे ठसके.

"किती वाजले गं?"

प्रतिध्वनी आहे, तिने स्वतःला सांगितलं. पण कुणाचा? इथे कुणी काही बोललंच नव्हतं. तिने फोनचा दिवा लावून आत धरला. उजेड एकेका गुळगुळीत चेहऱ्यावरून सरकत गेला. शेवटची मूर्ती बाकीच्यांपेक्षा जरा वाकलेली होती, खांदे पडलेले, दोन्ही हात पुढे काहीतरी धरल्यासारखे. तिचा चेहरा अजून पुरता पुसला गेला नव्हता. उजेड बाजूने पडला, आणि त्या चेहऱ्यात, डाव्या बाजूला, काहीतरी बारीकसं चमकलं.

"किती वाजले? अगं, आलीस का तू?"

ओ ओठांवर आली होती. एक शब्द होता, आले. तो म्हटला असता तर पुढे काय झालं असतं ते तिला ठाऊक नव्हतं. पण काय काय पुन्हा सुरू झालं असतं ते चांगलं ठाऊक होतं: ओल्या चादरी, सकाळच्या हाका, करपलेली भाजी, आपल्याच तोंडून निघणारे ते शब्द, आणि त्यानंतरचं ते गप्प बसणं. घरी आत्ता कपड्यांच्या घड्या झाल्या असतील. घरी कुणीतरी तिच्या डोक्यावरून हात फिरवायची वाट बघत असेल.

तिने हातातल्या घड्याळात पाहिलंसुद्धा. वेळ सांगितली मात्र नाही.

काठी तिने आवाज होणार नाही अशी खांबाला टेकवून ठेवली. मग दिवा मालवला आणि मूल झोपलेल्या खोलीतून आपण निघतो तशी, पाय न वाजवता, उलट पावलांनी ती बाहेर आली. ओसरीपर्यंत तो प्रश्न तिच्या मागोमाग येत राहिला. आवाज चिडका नव्हता, नेहमीचाच होता, आणि त्याला खात्री होती की कुणीतरी उत्तर देईल.

राखणदाराने तिच्याकडे पाहिलं नाही. तिनेही नाही.

७

काही आठवड्यांनी थोरली आली. दोन दिवस राहिली आणि तोंडात बोट घालून बसली. आईने तिच्या मुलांची चौकशी केली, तिच्या साडीचं कौतुक केलं, एकदाही टोमणा मारला नाही.

"मी घेऊन जाऊ का हिला थोडे दिवस?" थोरलीने विचारलं. रंगकाम आता निघालं नव्हतं.

"नको गं," आई हसून म्हणाली. "हिनेच मला आणलंय. मी हिच्याजवळच बरी."

धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून कप धूत राहिली. हल्ली तिला झोप कमी लागायची. गिऱ्हाइकाने वेळ विचारली तरी तिच्या हातून भिंग निसटायचं. नवरा म्हणायचा, आता तर सगळं सुरळीत आहे, तुला झालंय काय?

थोरली मागोमाग आली. दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"खरं सांग, काय केलंस तू?"

"कसलं काय?"

"आईला. ही आई आहे का आपली? किती निवळलीय!" थोरलीचे डोळे अचानक भरून आले. "माझ्याकडे काय चाललंय तुला माहीत नाही गं. सासूबाईंनी नुसते नाकी नऊ आणलेत. रात्रभर ओरडतात. परवा तर मी… जाऊ दे. हात उचलला मी त्यांच्यावर. कुणाला सांगू नकोस."

आपल्या बहिणीचा चेहरा इतका थकलेला धाकटीने कधी पाहिला नव्हता.

"तुझा नवरा म्हणाला, तुम्ही कुठल्या डोंगरावर गेला होतात. तिथल्या हवेने फरक पडला म्हणे." थोरलीने तिचा ओला हात धरला. "मला रस्ता सांग ना. मीही सासूबाईंना एक दिवस फिरवून आणते."

नळ वाहत होता. बाहेरच्या खोलीत आईची चाहूल अजिबात येत नव्हती, पण ती ऐकते आहे हे धाकटीला माहीत होतं. नाही म्हणायला वेळ होता. भरपूर वेळ होता.

"वर चढायला त्यांना जमायचं नाही," धाकटी म्हणाली. तिचा आवाज दुकानातल्यासारखा निघाला, शांत, एका सुरातला. "खालीच बसव. पहिल्याच लेण्यात. सावली असते तिथे."